चंद्रावरील सहा ध्वज आणि त्यांच्या सावल्या

२१ जुलै १९६९ रोजी, भारतीय वेळेनुसार मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजण्याच्या सुमारास, नील आर्मस्ट्राँग व बझ ऑल्ड्रिन यांचे 'ईगल' हे यान चंद्राच्या भूमीवर टेकले. त्यांचे तिसरे सहकारी मायकेल कॉलिन्स त्या वेळी 'कोलंबिया' या मुख्य यानातून चंद्राभोवती एकट्याने प्रदक्षिणा घालीत होते. एका प्रदक्षिणेस सुमारे दोन तास लागत आणि त्यांतील अवघी काही मिनिटे उतरणीचा प्रदेश त्यांच्या खाली असे. दर खेपेस ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राकडून त्यांना ईगलच्या जागेचा नवा अंदाज कळविला जाई आणि दर खेपेस ते सेक्स्टंटच्या दुर्बिणीतून ती जागा न्याहाळीत. ईगल त्यांना एकदाही दिसले नाही.

याचे कारण असे की, उतरताना यान ठरलेल्या ठिकाणाच्या बरेच पुढे गेले होते. त्यातच मोठमोठ्या खडकांनी वेढलेले एक विवर समोर आल्याने आर्मस्ट्राँग यांनी ते आणखी पुढे नेऊन सपाट जागी उतरविले. अशा रीतीने नियोजित स्थळापासून सहा-सात किलोमीटर दूर, ज्या जागेचा नेमका ठिकाणा त्या घटकेस कोणालाच ठाऊक नव्हता, तेथे मानवाने पहिला ध्वज रोवला. कोट्यवधी लोकांनी तो प्रसंग दूरचित्रवाणीवर पाहिला. भारतात दूरचित्रवाणी तेव्हा दिल्लीपुरतीच मर्यादित असल्याने आपल्याकडील बहुतेकांनी ही वार्ता आकाशवाणीवर ऐकली किंवा वृत्तपत्रात वाचली.

कोट्यवधी डोळ्यांदेखत रोवलेल्या वस्तूचा ठावठिकाणा पुन्हा शोधावा लागावा, हे वरकरणी विचित्र वाटते. परंतु चित्रात वस्तू दिसणे वेगळे आणि नकाशावर तिची जागा निश्चित होणे वेगळे. गोदामातील तारण मालाची नोंद रजिस्टरमध्ये कितीही स्वच्छ अक्षरांत असली, तरी प्रत्यक्ष पडताळणीवाचून अधिकारी तिच्याखाली सही करीत नाही. चंद्रावरील ध्वजांची अशी पडताळणी होण्यास पहिल्या ध्वजापासून चाळीसहून अधिक वर्षे लागली आणि ती ध्वज पाहून नव्हे, तर त्यांच्या सावल्या पाहून करण्यात आली.

सशाच्या अंगावरील सहा जागा

१९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांतील बारा अंतराळवीर चंद्रावर उतरले. मोहिमा सहा व ध्वजही सहा. (अपोलो १३ यानात वाटेतच स्फोट झाल्याने ते न उतरता परतले.) या सहा जागा कोणत्या प्रदेशात आहेत, हे साध्या डोळ्यांनीही ओळखता येते. त्यासाठी आपल्या पूर्वजांनी चंद्रावर पाहिलेला ससा उपयोगी पडतो. 'शशी' आणि 'शशांक' ही चंद्राची नावे याच सशावरून पडली आहेत.

पौर्णिमेचा चंद्र पूर्वेस उगवत असताना हा ससा बहुधा डोके वर करून बसलेला दिसतो. त्याच्या डोक्याच्या जागी जो काळसर डाग आहे, तोच शांतिसागर होय. सागर म्हणजे पाणी नव्हे. प्राचीन लाव्हारस थिजून झालेली ती काळी मैदाने आहेत. अपोलो ११ शांतिसागराच्या नैर्ऋत्य भागात, म्हणजे चंद्रबिंबाच्या मध्याकडील बाजूस उतरले. सशाच्या मानेच्या जागी शेजारचा दुसरा सागर आहे. त्याच्या कडेच्या टॉरस-लिट्रो खोऱ्यात डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ ने अखेरचा ध्वज रोवला. अपोलो १५ चा ध्वज अ‍ॅपेनाइन पर्वताच्या पायथ्याशी हॅडली घळीजवळ आहे, तर अपोलो १६ चा शांतिसागराच्या दक्षिणेकडील उजळ, डोंगराळ देकार्त प्रदेशात आहे. उरलेले दोन, अपोलो १२ आणि अपोलो १४ यांचे, सशाच्या धडाकडील अर्ध्या भागात एकमेकांपासून सुमारे १८० किलोमीटरवर आहेत.

गच्चीवर उभे राहून बोटाने एवढे दाखविता येते. त्यापुढे डोळ्यांचे काम संपते.

साडेपाच डॉलरचे कापड

ध्वज नेण्याचा निर्णय उड्डाणास थोडेच महिने उरले असताना झाला. ह्यूस्टन येथील अंतराळ केंद्राच्या तांत्रिक सेवा विभागाचे प्रमुख जॅक किन्झलर यांच्याकडे त्याची जबाबदारी आली. चंद्रावर हवा नाही, म्हणजे वारा नाही. साधा ध्वज काठीला बिलगून लोंबत राहणार. किन्झलर यांना आपली आई पडदे शिवताना वरच्या कडेला नेफा घालून त्यातून दांडी ओवीत असे, ते आठवले. त्यांनी ध्वजाच्या वरच्या कडेला तसाच नेफा घालून त्यातून आडवी दांडी ओवण्याची योजना केली. कापड होते तीन फूट रुंद, पाच फूट लांब अशा साध्या नायलॉनचे. सरकारी पुरवठा सूचीतील त्याची किंमत साडेपाच डॉलर होती आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांना सुमारे ७५ डॉलर लागले. ज्या कार्यक्रमावर हजारो कोटी रुपयांच्या बरोबरीचा खर्च झाला, त्याची सर्वांत अधिक छायाचित्रांत झळकलेली वस्तू ही अशी घरगुती होती. शिडीला बांधलेला हा ध्वज इंजिनाच्या धगीने जळू नये म्हणून त्याला उष्णतारोधक वेष्टण मात्र खास करावे लागले.

प्रत्यक्ष रोवण्याचे काम कल्पनेपेक्षा कठीण ठरले. चंद्रावरील धूळ वरून पिठासारखी मऊ, पण काही इंचांखाली ती घट्ट दाबलेली असते. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना काठी जेमतेम सहा ते नऊ इंच खोल घालता आली. आडवी दांडीही पुरती ताणली गेली नाही, त्यामुळे कापडास चुण्या राहिल्या. ध्वज वाऱ्यावर फडफडत असल्याचा जो भास छायाचित्रांत होतो आणि ज्यावरून संशयखोरांनी इतका गदारोळ केला, तो या न ताणलेल्या दांडीचा परिणाम. नंतरच्या अंतराळवीरांना त्या चुण्या आवडल्या, असे म्हणतात!

अपोलो १२ च्या वेळी निराळीच अडचण आली. चार्ल्स कॉनराड आणि ॲलन बीन यांच्या ध्वजाच्या आडव्या दांडीची खिट्टी बसेना. दांडी खाली पडली आणि ध्वज काठीलगत लोंबता राहिला. त्यांनी तो तसाच ठेवला.

दुर्बीण का पुरत नाही

पृथ्वीवर एवढ्या मोठ्या दुर्बिणी असताना त्यांतून हे ध्वज का दिसू नयेत, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,००० किलोमीटर आणि ध्वजाची लांबी दीड मीटर. हे प्रमाण मुंबईतून अहमदाबादेतील मोहरीचा दाणा पाहण्याइतके आहे. प्रकाशाच्या तरंगस्वरूपामुळे दुर्बिणीच्या आरशाचा व्यास जितका मोठा, तितका बारीक तपशील तिला वेगळा दिसतो. या हिशेबाने दीड मीटरची वस्तू चंद्रावर वेगळी ओळखण्यासाठी सुमारे १७० मीटर व्यासाचा आरसा लागेल. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे. चंद्रावर शंभर मीटरच्या आसपासची वस्तूच काय ती तिला ओळखता येते. ध्वज दूरच राहिला, मागे उरलेले यानाचे तळभागही तिला दिसत नाहीत.

म्हणून प्रथम जागेची निश्चिती झाली ती कागदपत्रांच्या जुळवणीतून. ईगल उतरत असताना खिडकीतून घेतलेली चलच्चित्रे, मोहिमेपूर्वी चंद्राभोवती फिरलेल्या मानवरहित यानांनी टिपलेली छायाचित्रे आणि अंतराळवीरांनी केलेले आजूबाजूच्या विवरांचे वर्णन, ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहण्यात आली. चार महिन्यांनी अपोलो १२ साठी हीच रीत आधीच वापरली गेली. १९६७ मध्ये चंद्रावर उतरलेल्या 'सर्व्हेयर ३' या मानवरहित यानाने आपल्या भोवतालची जी छायाचित्रे पाठविली होती, त्यांतील विवरांची ठेवण कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांत हुडकून ईवेन व्हिटेकर या शास्त्रज्ञाने त्याची जागा ठरविली. कॉनराड यांनी आपले यान तेथून दोनशे मीटरच्या आत उतरविले. आदल्या वेळची सहा-सात किलोमीटरची चूक लक्षात घेता ही प्रगती थक्क करणारी होती.

अपोलो ११, १४ आणि १५ यांनी चंद्रावर लेसर किरण परतविणारे परावर्तकही ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला किरण जाऊन येण्यास लागणारा वेळ मोजून या परावर्तकांच्या जागा अत्यंत काटेकोरपणे ठरविता आल्या. चंद्राच्या नकाशाला पक्क्या खुणा मिळाल्या त्या येथे. पण परावर्तकाची जागा कळली म्हणून काही मीटरवरचा ध्वज उभा आहे की आडवा, हे कळत नाही.

शंकूची छाया

१८ जून २००९ रोजी नासाने 'लूनर रिकॉनेसन्स ऑर्बिटर' हे यान चंद्राकडे धाडले. त्यावरील अरुंद कोनाचा कॅमेरा पन्नास किलोमीटर उंचीवरून छायाचित्र घेई, तेव्हा चित्रातील एक ठिपका जमिनीवरील अर्ध्या मीटरएवढा असे. २०११ मध्ये हे यान काही काळ बावीस किलोमीटरपर्यंत खाली आणण्यात आले आणि चित्रे आणखी स्पष्ट झाली. त्यांत यानांचे तळभाग, मागे ठेवलेली उपकरणे, इतकेच काय, अंतराळवीरांच्या पावलांनी उमटलेल्या काळसर वाटाही दिसू लागल्या.

ध्वज मात्र सहजी दिसत नव्हता, आणि ते स्वाभाविक होते. कॅमेरा बहुधा सरळ खाली पाहतो. उभ्या ध्वजाची वरून दिसणारी बाजू म्हणजे कापडाची कड. तिची जाडी ती किती! अर्ध्या मीटरच्या ठिपक्यात ती हरवून जाते. पण जी वस्तू वरून दिसत नाही, तिची सावली मात्र जमिनीवर पसरलेली असते. सूर्य क्षितिजापासून पंधरा अंश वर असताना दोन मीटर उंचीच्या ध्वजाची सावली साडेसात मीटर लांब पडते, म्हणजे चित्रात सुमारे पंधरा ठिपके. चंद्रावर हवेमुळे प्रकाश विखुरण्याचा प्रश्नच नसल्याने तेथील सावली गडद असते.

एका चित्रातील एका काळ्या रेघेवरून तरीही काही सिद्ध होत नाही. ती रेघ एखाद्या दगडाची असू शकेल, खळग्याची असू शकेल, जमिनीवर पडलेल्या कापडाचीही असू शकेल. खरी युक्ती पुढे आहे. चंद्रावरील दिवस सुमारे पंधरवडाभराचा असतो आणि यान निरनिराळ्या महिन्यांत, निरनिराळ्या सूर्यप्रकाशात त्याच जागेवरून जाते. त्या चित्रांची सूर्याच्या स्थितीनुसार क्रमवारी लावली की, सावली सकाळी पश्चिमेस लांब, मध्यान्ही आखूड आणि सायंकाळी पूर्वेस लांब होत गेलेली दिसते. अशी सावली ज्या स्थिर बिंदूभोवती फिरते, तेथे काही तरी उभे आहे, हे निश्चित. आपल्या प्राचीन ज्योतिषग्रंथांत सपाट भूमीवर शंकू उभा करून त्याच्या छायेवरून दिशा ठरविण्याची रीत सांगितलेली आहे; सूर्यसिद्धान्तात तिचे वर्णन आहे. तेथे शंकू ठाऊक असे आणि दिशा शोधायची असे. येथे सूर्याची दिशा ठाऊक होती आणि शंकू शोधायचा होता, एवढाच फरक.

हा बिंदू ध्वजाचाच आहे, याची खात्री करण्यासाठी पुन्हा जुने दप्तर उपयोगी पडले. अंतराळवीरांनी भूमीवर घेतलेल्या छायाचित्रांत ध्वज यानाच्या कोणत्या बाजूस, किती अंतरावर आहे, हे दिसतच होते. कक्षेतील चित्रांत सावली तेथेच निघाली. कॅमेऱ्याचे प्रमुख शास्त्रज्ञ मार्क रॉबिन्सन यांनी जुलै २०१२ मध्ये जाहीर केले की, अपोलो ११ वगळता सर्व ठिकाणी ध्वज उभे असून त्यांच्या सावल्या पडत आहेत. अपोलो १२, १६ आणि १७ यांच्या जागी त्या विशेष स्पष्ट आहेत. खिट्टी न बसल्याने लोंबत राहिलेला कॉनराड-बीन यांचा तो ध्वजही त्यांत आहे!

या ध्वजांचे रंग राहिले असतील, अशी आशा शास्त्रज्ञ धरीत नाहीत. दिवसा शंभर अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्री शून्याखाली दीडशे अंशांहून कमी, अशा तापमानात, जंबुपार किरणांच्या अखंड माऱ्यात बाजारी नायलॉन इतकी वर्षे तग धरून आहे, हेच पुष्कळ. कापड बहुधा पांढरे पडले असावे. सावलीवरून रंग कळत नाही.

पहिला ध्वज

राहिला तो पहिला, सर्वांत प्रसिद्ध ध्वज. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी तो यानापासून अवघ्या आठ मीटरच्या आसपास रोवला होता. परतीचे इंजिन पेटले, तेव्हा खिडकीतून पाहणाऱ्या ऑल्ड्रिन यांना तो झोतामुळे कोलमडताना दिसला. जेमतेम वीतभर रुतलेली काठी ती किती टिकणार? नंतरच्या मोहिमांत ध्वज अधिक दूर रोवण्याची काळजी घेतली गेली.

यामुळे कक्षेतील चित्रांनी ऑल्ड्रिन यांच्या साक्षीला दुजोराच दिला. शांतिसागरातील त्या जागी ईगलचा तळभाग दिसतो, उपकरणे दिसतात, आर्मस्ट्राँग जवळच्या लहान विवरापर्यंत धावत गेले ती वाटही दिसते. ध्वजाच्या जागी फिरणारी सावली नाही. आडवा पडलेला, कदाचित धुळीने माखलेला तो कापडाचा तुकडा अर्ध्या मीटरच्या ठिपक्यांत वेगळा ओळखता येत नाही. जुळवणीच्या या सबंध कामात सर्वांत विश्वासार्ह भाग कोणता, असे विचारले तर उत्तर हेच येईल. सहाही ध्वज दिमाखात उभे असल्याचे सांगितले गेले असते, तर शंकेला जागा होती. जो पडताना पाहिला गेला, नेमकी त्याचीच सावली मिळत नाही, यातच पडताळणीचा प्रामाणिकपणा आहे.

ही पडताळणी केवळ अमेरिकी डोळ्यांनी झालेली नाही, हेही नमूद करावयास हवे. ऑक्टोबर २००८ मध्ये निघालेल्या आपल्या चांद्रयान-१ च्या कॅमेऱ्याची दृष्टी पाच मीटरची होती. तरीही अपोलो १५ च्या झोताने विस्कटलेल्या जमिनीचा निराळा डाग त्याने टिपला. पुढे चांद्रयान-२ च्या पाव मीटर तपशिलाच्या कॅमेऱ्याने एप्रिल २०२१ मध्ये अपोलो ११ आणि १२ यांच्या जागा चित्रित केल्या. उलट दिशेनेही देवघेव झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये आदळलेल्या विक्रम या अवतरकाचे अवशेष चेन्नईतील एका अभियंत्याने नासाच्या या यानाची आधीची व नंतरची चित्रे ठिपक्याठिपक्याने ताडून शोधले आणि नासाने डिसेंबरमध्ये त्याचे श्रेय त्यास जाहीररीत्या दिले.

आपला तिरंगाही चंद्रावर आहे, मात्र तो कोणी रोवलेला नाही. चांद्रयान-१ पासून सुटून १४ नोव्हेंबर २००८ रोजी दक्षिण ध्रुवाजवळ शॅकल्टन विवरानजीक आदळलेल्या उपकरणाच्या बाजूंवर तो रंगविलेला होता.

ताबा आणि मालकी

ध्वज रोवला म्हणजे जमीन आपली झाली, असा अर्थ पूर्वीच्या दर्यावर्दींच्या काळात घेतला जाई. चंद्राच्या बाबतीत तो लागू नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार चंद्राच्या कोणत्याही भागावर कोणत्याही राष्ट्रास सार्वभौमत्व सांगता येत नाही. भारतही या करारात सामील आहे. अमेरिकी काँग्रेसने १९६९ मध्येच कायद्याद्वारे स्पष्ट केले की, हा ध्वज राष्ट्राभिमानाचे प्रतीक असून मालकीचा दावा नव्हे. मात्र त्याच करारानुसार चंद्रावर ठेवलेल्या वस्तूची मालकी ठेवणाऱ्या राष्ट्राकडेच राहते. तेव्हा काठी व कापड अमेरिकेचे, काठीखालची जमीन कोणाचीच नाही, अशी ही स्थिती आहे. कर्जप्रकरणे हाताळणाऱ्यांना जमीन एकाची व तिजवरील बांधकाम दुसऱ्याचे, हा प्रकार नवा नाही. जमिनीला धनीच नसण्याचा प्रकार मात्र विरळा.

चंद्राकडे आता अनेक राष्ट्रांची आणि खासगी कंपन्यांचीही याने जाऊ लागली आहेत. जवळ उतरणाऱ्या यानाच्या झोताने उडालेली धूळ बंदुकीच्या छऱ्यांसारखी आदळते आणि हवा नसल्याने ती दूरवर जाते. म्हणून नासाने २०११ मध्ये या स्थळांसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने त्यांना कायद्याचा आधार दिला. भारताने २१ जून २०२३ रोजी ज्या आर्टेमिस करारावर सही केली, त्यातही अवकाशातील वारसास्थळे जपण्याचे कलम आहे. नासाच्या शिफारशींत अपोलो १७ च्या स्थळाभोवती २२५ मीटर आणि अपोलो ११ भोवती ७५ मीटर त्रिज्येचे क्षेत्र प्रवेशवर्ज्य सुचविले आहे. पहिल्या मोहिमेचा पडलेला ध्वज त्या ७५ मीटरच्या वर्तुळात, ईगलच्या तळभागापासून काही पावलांवर आहे; त्याचे पहिले स्पष्ट छायाचित्र ज्या कोणास घ्यावयाचे असेल, त्यास ते वर्तुळाबाहेर उभे राहूनच घ्यावे लागेल.